पुण्याचा संगीत हंगाम प्रहर बघून कसा आखावा

गेल्या हिवाळ्यात मी पुण्यात १९ मैफली ऐकल्या. फेब्रुवारीअखेर वही काढून ऐकलेल्या रागांची मोजदाद केली. यमन ५ वेळा, पूरिया धनाश्री ४ वेळा, जोग ३ वेळा. तोडी एकदाही नाही. ललत नाही. सारंगाचा एकही प्रकार नाही. एवढं ऐकूनही मी हंगामभर दिवसाच्या एकाच कोपऱ्यात, संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांतच बसून होते.

यात गायकांचा काही दोष नाही. हिंदुस्थानी संगीतात बहुतेक रागांना वेळ ठरलेली आहे आणि आपले जवळपास सगळे जाहीर कार्यक्रम ऑफिस सुटल्यानंतर सुरू होतात. त्यातच २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. सणसमारंभांसाठी वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तेवढीच. त्याआधी सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा. शेवटच्या रात्रीची सकाळ व्हायची आणि लोक शाली गुंडाळून उन्हात बाहेर पडायचे. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांच्याकडून दरबारीनंतर उतरत जाणाऱ्या रात्रीचं आणि पहाटेच्या रागांचं वर्णन ऐकलं की जीव तळमळतो.

ती रात्र परत येणार नाही. पण जरा खटपट केली तर उरलेले प्रहर आजही पुण्यात ऐकायला मिळतात. म्हणून यंदा मी आधी प्रहर बघते आणि मग कलाकार. तुम्हालाही हंगाम असा आखायचा असेल तर तो कसा आखायचा, ते सांगते.

आधी वही आखा

कुठलीही जाहिरात बघण्याआधी एका पानावर आठ रकाने काढा. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार, प्रत्येक तीन तासांचा. सकाळी सहापासून मोजायला सुरुवात करा. प्रत्येक रकान्यात तुम्हाला प्रत्यक्ष ऐकायचे दोन-तीन राग लिहा. माझं पान असं आहे: पहाटे आणि सूर्योदयाच्या आसपास ललत, भटियार, भैरव, रामकली. मग देसकार, तोडी, जौनपुरी. दुपारी सारंगाचे प्रकार. दुपार कलली की भीमपलास, मुलतानी, पटदीप. सूर्यास्ताला मारवा, श्री, पूरिया. नंतर यमन, भूप, हमीर, केदार. मग बिहाग, बागेश्री, रागेश्री. आणि रात्र चढली की दरबारी, मालकंस, अडाणा, सोहनी.

ग्रंथांत आणि घराण्यांत वेळांबद्दल थोडाफार मतभेद आहे, त्यात अडकू नका. आपल्याला परीक्षा द्यायची नाही, कुठे काय मिळेल याचा अंदाज हवा आहे. कर्नाटक संगीतात ही बंधनं फारशी पाळली जात नाहीत, त्यामुळे एखाद्या महोत्सवात कर्नाटक शैलीचा कलाकार असेल तर त्याच्यासाठी हे पान बाजूला ठेवा.

या पानाचा आणखी एक फायदा आहे. काही राग जोडीने ऐकायचे असतात. तोडी आणि मुलतानी यांचे स्वर तेच: रिषभ, गंधार, धैवत (रे, ग, ध) कोमल, मध्यम (म) तीव्र. पण मुलतानी आरोहात, म्हणजे स्वर चढताना, रिषभ-धैवत सोडते आणि तिची चाल बदलते. भूप आणि देसकार यांचेही स्वर तेच पाच. भूप रात्री गंधाराभोवती रेंगाळतो, देसकार सकाळी धैवतावर उभा राहतो. मारवा, पूरिया आणि सोहनी ही तर तीन भावंडंच. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते कानावर पडल्यावरच. अशा जोड्यांना वहीत एकाच रंगाची खूण करा. एक ऐकलात की दुसरा शोधायचा.

हंगाम कुठून कुठे

सुरुवात दिवाळी पहाटेपासून. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. जानेवारीत डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या स्मृत्यर्थ वसंतोत्सव, त्याच सुमारास व्हायोलिन अकादमीचा स्वरझंकार. पुढे किशोरी आमोणकरांच्या स्मरणार्थ होणारा गानसरस्वती महोत्सव. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे कार्यक्रम आहेत. शिवाय गुरूंच्या पुण्यतिथ्या, सत्कार, शिष्यांच्या मैफली हे वर्षभर चालूच असतं. तारखा आणि जागा दरवर्षी थोड्या हलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर रजा टाकू नका.

मोठ्या महोत्सवांची बातमी आपोआप कानावर येते. शोधावे लागतात ते छोटे कार्यक्रम. त्यासाठी मराठी वर्तमानपत्रांतलं शहरातल्या आजच्या कार्यक्रमांचं बारीक टायपातलं सदर रोज वाचा. बालगंधर्व रंगमंदिर, भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर यांच्या बाहेरचे फलक जाता-येता बघा. आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी किंवा मुलाशी ओळख करून घ्या. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर घरगुती बैठकांचे निरोप फिरतात, ते छापून कधीच येत नाहीत.

जाहिरात वाचताना

मोठ्या अक्षरांतलं नाव सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही बारीक अक्षरं वाचा.

पहिलं, वेळ. कार्यक्रम किती वाजता आहे आणि किती कलाकार आहेत? साडेपाच ते दहा आणि चार कलाकार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तास येतो. त्यात सत्कार आणि मनोगतं आली की संथ लयीतला विलंबित ख्याल उलगडायच्या आत जलद लयीची द्रुत बंदिश सुरू करावी लागते. एकच कलाकार आणि अडीच तास असं दिसलं की तो कार्यक्रम वहीत पक्का करा, कलाकार नवखा असला तरी.

दुसरं, साथीदार. तबला आणि संवादिनीवर कोण आहे ते छापलेलं असेल तर आयोजकांना गाण्याची जाण आहे असं मी धरते. तानपुऱ्यावर बसणाऱ्यांचीही नावं असतील तर तिथे मी आवर्जून जाते.

तिसरं, शब्द. ‘सुरेल’, ‘स्वरमयी’, ‘सदाबहार’ असे शब्द आणि रागदारीचा उल्लेख नाही, तर तिथे बहुधा भावगीतं आणि चित्रपटगीतं असतात. ती ऐकायला मलाही आवडतात, पण ललत ऐकायचा म्हणून पहाटे चारला उठून जायचं आणि तिथे ते निघायचं, याने मन खट्टू होतं. एका दिवाळीत सासूबाईंना घेऊन मी अशीच एका मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. अंधारात रिक्षा शोधली, थंडीत तासभर बसलो, भाषणं झाली, उजाडलं, आणि पहिलं गाणं सुरू झालं ते सिनेमातलं. आता मी आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून सरळ विचारते, ‘राग गाणार आहेत का?’ लोक छान उत्तर देतात.

‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ ही ओळ दिसली तर अर्धा तास आधी पोचा. पहिल्या दोन-तीन रांगा गेलेल्या असतात, चौथी आपली.

सवाईचे पाच दिवस

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. १९५२ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने गुरूची पुण्यतिथी साजरी केली आणि ती पुण्याची सवय होऊन बसली. जुनी माणसं आजही ‘पुण्यतिथीला येणार ना?’ असं विचारतात. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. पूर्वी हा सोहळा रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून तो मुकुंदनगरमध्ये महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो.

पाचही दिवस जमत असेल तर उत्तमच. जमत नसेल तर बहुतेक जण शनिवार-रविवारची संध्याकाळ निवडतात. प्रहराच्या हिशेबाने मी वेगळं सांगेन.

एखाद्या कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी सुरुवातीलाच जाऊन बसा. त्या वेळी मंडप निम्मा रिकामा असतो आणि स्वरमंचावर बहुधा तरुण कलाकार असतो. त्याच्या आयुष्यातला हा मोठा दिवस असतो, तो जीव तोडून गातो, आणि दुपार कलती असल्यामुळे मुलतानी, भीमपलास, मधुवंती, पटदीप यांच्यातलं काहीतरी हमखास कानावर पडतं. पुढच्या वीस वर्षांत ज्यांच्यासाठी मंडप भरणार आहे त्यांना चार रांगा सोडून बसून ऐकायची संधी याच वेळात मिळते.

डिसेंबरच्या मध्याला पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी गाणाऱ्याचा राग लक्ष देऊन ऐका. मारवा, श्री, पूरिया यांची हीच घटका. नेमक्या याच वेळी निम्मे लोक वडापाव आणि कॉफीला उठतात. तुम्ही साडेपाचलाच खाऊन घ्या.

गेल्या काही वर्षांत शनिवारचं सत्र मध्यरात्रीपर्यंत चाललं आहे आणि रविवारचं दुपारीच सुरू झालं आहे. शनिवारी दहा ते बारा म्हणजे रात्रीच्या रागांचे मोजके जाहीर तास. रविवारी दुपारी बारा म्हणजे सारंग. यंदाचं वेळापत्रक जाहीर झालं की आधी या दोन गोष्टी तपासा.

बसायचं कुठे? भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं आणि माझ्या मते तिथेच खरी मजा आहे, गुडघे साथ देत असतील तर. दुमडता येणारी पातळ गादी न्या, नुसत्या सतरंजीवर चौथ्या तासाला कंबर बोलते. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर बसू नका. मंडपात मधोमध ध्वनिव्यवस्थेचं टेबल असतं, त्याच्या पुढे-मागे किंवा शेजारी जागा धरा. आवाजाची पातळी ठरवणारा माणूस जिथे बसून ऐकतो तिथे आवाज सगळ्यात समतोल असतो. शाल, टोपी, पाण्याची बाटली घ्या. आठनंतर गार वारा सुटतो आणि मैदानातून थंडी खालून चढते.

मेट्रोने स्वारगेटला उतरून रिक्षाने मुकुंदनगरला जाणं सोपं आहे. परतीला मात्र हजारो लोक एकदम बाहेर पडतात, त्यामुळे शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर चार जणांत एक गाडी ठरवा.

दिवसा मोकळे असाल तर शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाच्या दिवसांत सकाळी होणारे ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम चुकवू नका. एकात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा होतात. आणि शेवटच्या रात्री सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागते तेव्हा चपला शोधायला उठू नका. त्या जुन्या, खरखरत्या आवाजापुढे हजारो माणसं चिडीचूप बसतात. ती शांतता अनुभवण्यासारखी आहे.

सकाळ मिळवणं

हे सगळ्यात अवघड काम आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं.

नियमाने सकाळी सहापासून उघड्यावर ध्वनिक्षेपक चालतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सहा ते सात हा अख्खा तास अंधारातून उजेडाकडे जाणारा आणि कायद्याने मोकळा असतो. ललत आणि भटियार यांना याहून चांगली वेळ कुठली? पण फार थोडे आयोजक ही वेळ वापरतात. तुम्ही एखाद्या मंडळात, सोसायटीत, वाचनालयात असाल तर हे जरूर सुचवा.

तोवर रविवार सकाळच्या मैफली शोधा. त्या साधारण साडेनऊ-दहाला सभागृहात असतात. वेळेत सुरू झाल्या तर तोडी किंवा जौनपुरी मिळते, अकरानंतर गाडी सारंगाकडे वळते. त्यामुळे इथे पंधरा मिनिटं उशीर करणं फार महागात पडतं, उठताना हे लक्षात ठेवा.

मुंबईला जाणं होत असेल तर प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या संकुलात पंचम निषाद ही संस्था ‘प्रातःस्वर’ नावाने सकाळच्या रागांच्या मैफली भरवत आली आहे. पुढची तारीख बघून आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला जा.

रात्र मिळवणं

दहाचा नियम उघड्या जागेचा आहे, बंद सभागृहात गाणं चालू राहू शकतं. तरी नाट्यगृहाचं सत्र आणि कर्मचाऱ्यांची वेळ यामुळे पडदा लवकर पडतोच. खरी रात्र मिळते ती घरगुती बैठकीत. मोठा हॉल असलेलं एखादं घर, पन्नासेक माणसं, मायक्रोफोन नाही.

अशा बैठकीचं आमंत्रण मिळालं तर काही गोष्टी सांभाळा. यजमानांना येणार की नाही ते नक्की कळवा, कारण चहा-फराळ माणसं मोजून होतो. कलाकाराच्या मानधनासाठी पाकीट फिरवणार असतील तर सढळ हाताने द्या. आणि उशिरा पोचलात तर दाराबाहेर थांबा, चालू असलेली चीज (बंदिश) संपली की आत या.

बसल्यावर

मोबाइल बंद करा. मग तानपुरे लागताना ऐका.

एका बैठकीत मी तानपुऱ्याच्या इतकी जवळ बसले होते की जवारीचा दोरा दिसत होता. विशीतली एक मुलगी तो सुती दोरा घोडीवरच्या तारेखालून केसभर पुढे-मागे सरकवत होती. तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायची, पुन्हा सरकवायची. चार वेळा तार कोरडी वाजली. पाचव्यांदा तीच तार एकदम उघडली आणि तिच्यातून बारीक झणत्कार सुटला, जणू एका तारेत दहा तारा. गाणाऱ्या बुवांनी डोळे न उघडताच मान हलवली. त्या खोलीतलं गाणं तिथेच सुरू झालं होतं.

तानपुऱ्याची पहिली तार ऐकून तुम्हाला रागाचा अंदाजही बांधता येतो. ती साधारणपणे पंचमात (प) असते. पंचमाऐवजी मध्यम ऐकू आला तर पंचम नसलेला राग येण्याचा संभव मोठा, रात्री मालकंस किंवा पहाटे ललत. निषाद (नी) ऐकू आला आणि बाहेर संध्याकाळ असेल तर मारवा किंवा पूरिया. गायकाने पहिला षड्ज लावायच्या आत मनात नाव धरा आणि मग वाट बघा. चुकलं तरी चालतं, पण कान त्या क्षणापासून पूर्ण जागा असतो.

ख्याल सुरू झाला की ताल मोजायची घाई करू नका. बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) नेणारा तेवढा तुकडा, ओळखून ठेवा. विलंबित एकतालाचं एक आवर्तन बारा मात्रांचं असलं तरी संथ लयीत ते मिनिटभर चालू शकतं. गायक कुठेही गेला तरी मुखडा धरून समेवर परत येतो. तीन-चार वेळा त्याच्याबरोबर परत आलात की पुढचं आपोआप होतं. मांडीवर हलकेच बोट ठेवायला हरकत नाही, पण शेजाऱ्याला ऐकू जाईल असा ताल देऊ नका. दाद समेवर किंवा गायकाने एखादी सुरेख जागा (हरकत) घेतल्यावर आपसूक निघते, नाही निघाली तर गप्प राहणंही चांगलंच. आणि शेवटी भैरवी सुरू झाली म्हणजे संपलं, असं समजून उठू नका. दिवसभराच्या ऐकण्याने शिणलेलं मन तीच शांत करते.

मुलांना जरूर न्या, पण एका बैठकीपुरतं, आणि कडेला बसा म्हणजे उठता येतं. माझी भाची सहा वर्षांची असताना पाऊण तास तबल्याचे गट्टे आणि हातोडीच बघत होती. तेवढंही पुरे असतं.

घरी आल्यावर

झोपण्यापूर्वी वहीत पाच ओळी लिहा. तारीख, जागा, वेळ, राग, बंदिशीचे आठवतील तेवढे शब्द, साथीदारांची नावं. राग ओळखू आला नसेल तर मुखड्याचे शब्द लिहून ठेवा, कुणीतरी सांगतंच. मग आठ रकान्यांच्या पानावर त्या रागापुढे खूण करा. महिन्याभरात कुठले रकाने भरले आणि कुठले कोरे आहेत ते स्वच्छ दिसतं, आणि पुढच्या आठवड्यातल्या तीन कार्यक्रमांतून एक निवडायचा असेल तर प्रश्न तिथेच सुटतो.

माझ्या पानावर आज संध्याकाळचे रकाने भरत आलेत. नोव्हेंबरात एका घरी तोडी मिळाली, तिची खूण लाल शाईने केली आहे. दुपारचा रकाना अजून कोरा आहे. म्हणून सवाईच्या रविवारी घरच्यांचं जेवण सकाळी अकरालाच उरकणार आहे, आणि डबा, गादी, शाल घेऊन साडेअकराला मुकुंदनगरच्या दारात उभी राहणार आहे.